राहीबाईचं पिस्तूल

लालासाहेबांना ना तंबाखूचा नाद, ना पत्त्यांचा. त्यांना वेड एकच, जुन्या पिस्तुलांचं. पलटणीत वीस वर्षं हत्यारं दुरुस्त करून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते कोरेगावला परतले आणि भंगारवाले, लोहार पालथे घालू लागले. शहात्तर सालापर्यंत त्यांच्या ट्रंकेत अकरा पिस्तुलं जमली होती. बायको मनुबाई म्हणायची, "ह्यास्नी नातवंडांची नावं याद ऱ्हात न्हाईत, पर त्या लोखंडाची वंशावळ तोंडपाठ!"

कुणाकडे जुनं पिस्तूल असल्याचा वास लागला, की एरवी तुसडा असलेला हा माणूस एकदम साखरेसारखा गोड व्हायचा. आणि गोड बोलून भागलं नाही तर? तसं एकदाच झालं, एकाहत्तरच्या खंडेनवमीला, पलूसला.

ते बहिणीच्या घरी गेले होते. शेजारी राहीबाई, विधवा. तिचा एकुलता एक अर्जुना पलटणीत. तिच्या देव्हाऱ्यापुढे घरची हत्यारं पूजेला मांडली होती. कोयता, कुऱ्हाड, आणि हळदकुंकवानं माखलेलं, चांदीच्या वेलबुट्टीचं ठासणीचं पिस्तूल. लालासाहेबांनी विकत मागितलं.

"देव कुनी इकतंय व्हय?" राहीबाई हसली.

तसा लालासाहेबांनी आवाज खाली आणला. "आक्का, लायसन हाय का ह्याचं? फौजदाराला कळलं तर अर्जुनाची नोकरी जाईल बगा. द्या माज्याकडं, मी सांबाळतो."

असल्या जुनाट हत्याराला परवाना लागत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण बाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं स्वतःच पिस्तूल फडक्यात गुंडाळून त्यांच्या पिशवीत घातलं. खोटं कशाला बोला, पुढची पाच वर्षं लालासाहेबांना त्याचं फारसं काही वाटलं नाही.

मग साताऱ्यात जुन्या बंदुका-पिस्तुलांचं संग्रहालय उघडलं. लालासाहेब पहिल्याच एस.टी.नं गेले, कडक इस्त्रीचा सदरा घालून, खिशात भिंग घेऊन. तिथला शिपाई माहिती द्यायला पुढं आला, तर उलट हेच त्याला शिकवू लागले. "ह्याचा घोडा मागनं बदललाय बरं का!" शिपाई बिचारा मान डोलवत होता. तिसऱ्या कपाटापाशी मात्र लालासाहेबांनी भिंग काढून काचेला नाक लावलं. तीच वेलबुट्टी, तीच मूठ. जोडीतलं दुसरं पिस्तूल! खाली चिठ्ठी होती: पलूसच्या राहीबाईंकडून भेट.

"ही म्हातारी लय रडली बगा," शिपाई सांगू लागला. "ह्ये एक जोंधळ्याच्या कनगीत लपवून ठिवलं हुतं म्हनली. पोराचं पत्र आलं की वाटायचं, गेली त्याची नोकरी. आमचं साहेब म्हनलं, आजी, घरी न्या, कायबी हुत न्हाई. पर आयकंना. समद्यांच्या पाया पडून ठिवून गेली."

लालासाहेबांनी भिंग खिशात घातलं. त्या खंडेनवमीनंतर दोनच महिन्यांत पाकिस्तानशी लढाई पेटली, तेव्हा अर्जुना सीमेवर होता. त्या घोरात आपण लावलेला हा दुसरा घोरही तिच्या जिवाला होताच. त्यांना स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्याच दिवशी पिस्तूल घेऊन त्यांनी पलूस गाठलं. राहीबाई गोठ्यात वैरण टाकत होती. पिस्तूल पाहताच तिनं त्यांना घरात ओढलं आणि दार लोटलं.

"आक्का, मी खोटं बोललो," लालासाहेब हात जोडून म्हणाले. "लायसन-बियसन काय लागत न्हाई. मला ह्ये पायजे हुतं, म्हनून थाप मारली. तुमचं तुमी घ्या."

 राहीबाईचे डोळे भरून आले.

"फौजदार आला हुता न्हवं तुमच्याकडं?"

"न्हाई वो आक्का—"

"मला कळतंय समदं, दादा. माज्या अर्जुनासाठी तुमी ही बला सोताच्या घरात ठिवली, आन आता तुमीच अडकलासा." तिनं पिस्तूल त्यांच्या हातून काढून घेतलं आणि पदराखाली धरलं. "म्या सांगते, ह्ये माजंच हाय म्हनून. म्हाताऱ्या बाईला काय फाशी देनार हैत?"

"आक्का, आईची शपथ, खोटं हुतं ते!"

"व्हय, व्हय," ती त्यांची समजूत काढत म्हणाली. तिनं पायात वहाणा सरकवल्या आणि दार उघडलं. "चला, मला ठाण्याची वाट दावा."