फाटकाच्या आत

डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितल्यापासून मी रोज सकाळी मैदानाच्या फाटकापर्यंत जायचे आणि तशीच परत फिरायचे. आत झपझप चालणारी सडपातळ माणसं दिसली, की जीव घाबराघुबरा व्हायचा. सगळे हसतील, असं वाटायचं.

आज माझ्याहूनही जाड एक बाई फाटकापाशी धापा टाकत उभ्या होत्या. घाम पुसत म्हणाल्या, "येताय का? त्या कडुलिंबापर्यंतच. एकटीला लाज वाटते हो."

मी आत गेले. लाज दोघींत वाटून घेतली की हलकी होते की काय, कोण जाणे! त्यांनी माझं नाव विचारलं. बोलता बोलता कडुलिंब कधी मागे पडला, ते दोघींनाही कळलं नाही.