डार्टचा मांडव

हेरॉल्ड तुस्कानोनं बांधलेलं खोकं उघडायचं म्हणजे वसईत लोक आधी कोयता शोधतात. थट्टा नाही, खरंच शोधतात. कॅनडात एटोबिकोच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा मराठी मिस्सा होते, आणि मिस्सा सुटली की पार्किंग लॉटमध्ये कुणी ना कुणी हेरॉल्डला गाठतंच. "अंकल, गावी सामान पाठवायचंय, जरा पॅक करून द्याल?" मग स्वारी खूश. पिअर्सन एअरपोर्टच्या कार्गोत त्यानं उभी हयात काढली ती माल प्लास्टिकनं गुंडाळण्यात. रिटायर झाला तरी हातांना ते समजलेलं नाही. बेसमेंटमध्ये प्लास्टिकच्या गुंडाळ्या, टेप आणि नायलॉनची दोरी कायम तयार. त्यानं बांधलेल्या खोक्यात पाण्याचा थेंब गेला असं आजवर कुणी म्हणालेलं नाही, आणि कुणी म्हणालंच असतं तर हेरॉल्डनं त्याचं तोंड पाहिलं नसतं.

हे खूळ लहानपणचं. वसईतल्या भुईगावच्या घराची पश्चिमेची भिंत पावसात भिजायची, म्हणून वडील पावसाआधी तिला झावळ्या बांधायचे. राहिलेल्या फटी बुजवायचं काम धाकट्या हेरॉल्डचं, कारण अडचणीच्या जागेत त्याचाच हात जायचा. आत थेंब आला की पहिली हाक त्यालाच. "ओल बाहेरून येते आणि फटीतून येते" एवढं त्या पोराच्या डोक्यात तेव्हा जे बसलं ते कॅनडात येऊन चाळीस वर्षं होत आली तरी हललं नाही. त्याची बायको ज्युडिथ म्हणते, "ह्याला फट दिसली की ह्याच्या अंगात येतं."

थोरला भाऊ डेस्मंड अगदी उलटा. शर्टाचं वरचं बटण उघडं, गाडीची काच खाली, बोलणं जेवढ्यास तेवढं. कॅनडात तो आधी आला, स्कूल बस चालवायला लागला आणि मग धाकट्याला बोलावून घेतलं. एका फेब्रुवारीत हेरॉल्ड पिअर्सनवर उतरला तेव्हा डेस्मंड त्याला घ्यायला आला होता तो आपल्या पहिल्यावहिल्या गाडीतून, जुन्या हिरव्या डॉज डार्टमधून. गाडीचा हीटर बंद. हेरॉल्डच्या अंगावर वसईत शिवलेला पातळ कोट. डेस्मंडनं आपला जाडा कोट काढून त्याच्या अंगावर टाकला आणि स्वतः नुसत्या स्वेटरवर घरापर्यंत गाडी चालवली. दातावर दात आपटत होते गड्याचे. म्हणाला काय, तर "थंडी आहे थोडी." हेरॉल्ड आजही ही गोष्ट सांगायला लागला की अर्ध्यात उठून चहा टाकतो.

डार्टनं पुढं मान टाकली, पण डेस्मंडनं तिला भंगारात जाऊ दिलं नाही. बायको वारली, मुलगी कॅरल नोकरीसाठी एडमंटनला गेली, आणि डेस्मंड धाकट्याच्या बेसमेंटमध्ये राहायला आला तो डार्टला टो करून घेऊनच. रिटायर झाल्यावर तो तिच्या मागे लागला. उन्हाळ्यात काम, आणि ऑक्टोबर आला की मागच्या अंगणात पाइपांचा सांगाडा उभा करून त्यावर कॅनव्हास ताणायचा आणि गाडी आत ढकलायची. दोघे भाऊ त्या तंबूला मांडव म्हणायचे. "मांडव घातलाय खरा," ज्युडिथ किचनच्या खिडकीतून ओरडायची, "नवरी बाहेर कधी येणार?"

मांडवावरून दोघांची दर वर्षी जुंपायची. डेस्मंड कॅनव्हास जमिनीपासून वीतभर वर ठेवी, दोन्ही टोकांचे झरोके उघडे, आणि पुढच्या दाराची चेन अर्धीच ओढलेली. हेरॉल्डचा जीव खालीवर. "अरे दादा, हा काय कपडे वाळत घालायचा मांडव आहे? बर्फ आत येईल!"

"असू दे," डेस्मंड म्हणे. "हवा पाहिजे."

एवढंच. कशाला पाहिजे, का पाहिजे, काही नाही. हेरॉल्ड मनाशी म्हणे, आळशीपणा, दुसरं काय! पण गाडी दादाची, तेव्हा तो मूग गिळून बसे.

गेल्या जुलैत गाडी चालू झाली. अख्ख्या गल्लीनं तो आवाज ऐकला. डेस्मंडनं सगळा जुना रंग घासून पत्रा उघडा केला होता, कुठंकुठं राखाडी प्रायमर मारला होता, आणि तळाला नवे पॅच वेल्ड केले होते. आता फक्त रंग राहिला होता. "पुढच्या मे महिन्यात," तो म्हणाला. "मग पहिली राइड एअरपोर्टला. तुला जिथून उचललं तिथं." डेस्मंडच्या हिशेबानं हे भाषणच झालं.

ऑगस्टमध्ये त्याला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जवळच्याच नर्सिंग होममध्ये त्याला ठेवावं लागलं. अक्षरांचा बोर्ड हातात दिला तर भलत्याच अक्षरावर बोट ठेवी, मग स्वतःच्याच बोटाकडे बघत बसे आणि बोर्ड ढकलून देई. हृदयही कमजोर झालेलं. डॉक्टरीणबाईंनी हेरॉल्डला बाजूला घेऊन सांगितलं, येत्या उन्हाळ्यापलीकडचे प्लॅन करू नका. हेरॉल्ड थेट भावाच्या पलंगाशी गेला, त्याचा चांगला हात हातात घेतला आणि म्हणाला, "दादा, मे महिन्यात तुला डार्टमध्ये बसवून एअरपोर्टला नेतो. रंग नसला तर नसला. माझा शब्द आहे." डेस्मंडच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं. त्या दिवसापासून हेरॉल्डला दुसरं काही सुचेना. मिस्सेत बसला तरी डोळ्यांपुढं डार्ट.

ऑक्टोबरमध्ये त्यानं मांडव एकट्यानं घातला, आणि ह्या वेळी आपल्या पद्धतीनं. कॅनव्हास जमिनीपर्यंत खेचला, चारी बाजूंनी वाळूच्या पिशव्या ठेवल्या. झरोक्यांत फोम कोंबून वरून टेप मारला. एवढ्यानं भागलं असतं तर तो हेरॉल्ड कसला! त्यानं बेसमेंटमधून प्लास्टिकच्या गुंडाळ्या आणल्या आणि गाडीभोवती फेऱ्या घालायला सुरुवात केली. बॉनेट, छप्पर, दारं, चाकं, सगळं गुंडाळलं. पोटावर सरपटत तळही गुंडाळला. मग दाराची चेन शेवटपर्यंत ओढली आणि तिच्यावरही टेप मारला. घरात आला तेव्हा कंबर धरली होती, पण चेहऱ्यावर तेज होतं. "ज्युडिथ," तो म्हणाला, "अशी पॅक केलीय की समुद्रात टाकली तरी कोरडी राहील."

दुसऱ्या दिवशी त्यानं ते सगळं डेस्मंडला जाऊन सांगितलं. फोटो दाखवले, रंगवून रंगवून सांगितलं. डेस्मंड फोटोकडे बघत राहिला. मग त्यानं डावी मूठ वर उचलली आणि बोटं फाकून पंजा उघडला. पुन्हा मूठ, पुन्हा पंजा.

"पाणी पाहिजे?" हेरॉल्डनं विचारलं. मान हलली, नाही. पुन्हा मूठ, पुन्हा पंजा. हेरॉल्डनं त्या पंजात रोजरीची माळ ठेवली. डेस्मंडनं ती खाली टाकली.

सगळा विंटर हेच. हेरॉल्ड ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून रोज दुपारी जायचा, डार्टची खुशाली सांगायचा, आणि डेस्मंड मूठ उघडून दाखवायचा. हेरॉल्डनं त्या पंजात काय काय दिलं! पाण्याचा ग्लास, केळं, कॅरलचा फोन, स्वतःचा हात. शेवटी त्यानं ठरवलं की दादा बर्फाबद्दल विचारतोय. "हो रे, पडतोय, खूप पडतोय. पण काळजी नको. एक फट ठेवलेली नाही मी. एकसुद्धा नाही." हे ऐकलं की डेस्मंडच्या घशातून एक आवाज निघायचा आणि तो भिंतीकडे तोंड फिरवून रडायचा. नर्स म्हणाली, स्ट्रोकनंतर असं होतं, पेशंट कारण नसताना रडतात. हेरॉल्डनं मान डोलावली. नर्सला जास्त कळणार, नाही का!

एप्रिलच्या शेवटी अंगणातला बर्फ वितळला आणि हेरॉल्ड चाकू घेऊन मांडवाकडे निघाला. ज्युडिथ मागोमाग चहाचा मग घेऊन. टेप कापला, चेन ओढली, आणि आतून असा वास आला की ज्युडिथनं नाकाला पदर लावावा तसा स्वेटरचा गळा लावला. बंद पेटीत विसरलेल्या ओल्या कपड्यांचा वास. कॅनव्हासच्या आतल्या बाजूनं पाणी ठिबकत होतं. प्लास्टिकमधून गाडी दिसतच नव्हती, आतून सगळे थेंबच थेंब. हेरॉल्डनं चाकू घातला तसं पाणी त्याच्या मनगटावरून बाहीत गेलं.

प्लास्टिक बाजूला झालं आणि आतून तांबडी गाडी निघाली.

त्याला आधी वाटलं, माती आहे. त्यानं बाहीनं पुसलं, बाही तांबडी झाली, गाडी तशीच. गंज होता. दार ओढलं तर बिजागरी किंचाळली. सीटवर बुरशी, गालिचासारखी. तो आत बसायला गेला आणि डेस्मंडनं वेल्ड केलेल्या पॅचच्या कडेनं त्याचा पाय पत्र्यातून थेट खाली जमिनीला लागला. ज्युडिथनं चहाचा मग वाळूच्या पिशवीवर ठेवला आणि त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

त्यांच्याच चर्चमधला ब्रेंडन गाड्यांच्या बॉडी शॉपमध्ये काम करतो. तो संध्याकाळी आला, गाडीभोवती फिरला, खाली वाकून टॉर्च मारला. ब्रेक जाम झाले होते, वायरिंग गेलं होतं, तळ गेला होता.

"होईल का रे?" हेरॉल्डनं विचारलं. "मेपर्यंत?"

"अंकल, दोन वर्षांचं काम आहे."

"जूनपर्यंत? नुसती एअरपोर्टपर्यंत जाऊन आली तरी बास."

ब्रेंडननं त्याच्याकडे बघितलं नाही. "रोडवर काढायची तर सेफ्टीच्या तपासणीत पास व्हायला पाहिजे. ही नाही होणार." मग त्याला राहवलं नाही. "अंकल, प्लास्टिक कशाला लावलंत? इथं ओल वरून येत नाही, जमिनीतून वर येते. तिला बाहेर जायला जागा पाहिजे. अंकल डेस्मंड किती छान उघडं ठेवायचे. मी दर विंटरला बघायचो."

उघडं. हेरॉल्ड उभा होता तिथंच वाळूच्या पिशवीवर बसला. ज्युडिथचा मग कलंडला. त्याला ती मूठ दिसली आणि तिच्यातून फाकणारी पाच बोटं. पाणी नाही, केळं नाही, रोजरी नाही. उघड, दादा सांगत होता. उघड. ऑक्टोबरपासून रोज सांगत होता, बापडा एका हातानं सांगत होता, आणि ह्यानं त्याला रोज जाऊन सांगितलं होतं की एकसुद्धा फट ठेवलेली नाही. म्हणून तो रडत होता. कारण नसताना म्हणे! हेरॉल्ड त्या पिशवीवर बसून मोठमोठ्यानं रडला. ब्रेंडनला तोंड कुठं फिरवावं कळेना.

काही दिवस तो नर्सिंग होमकडे फिरकला नाही. सर्दी झालीय, असा निरोप दिला. ज्युडिथ एकटीच जाऊन आली. "वाट बघतोय तुझी," ती म्हणाली. "दाराकडे डोळे लावून बसतो. जाऊन काय ते सांग त्याला. मी नाही सांगणार."

मे लागला होता. हेरॉल्ड गेला तेव्हा खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि डेस्मंडला उशीला टेकवून बसवलं होतं. हिवाळ्याच्या मानानंही तो खूप उतरला होता. सगळं खरं सांगायचं, माफी मागायची, असं घोकत हेरॉल्ड बसमधून आला होता. तो खुर्ची ओढून बसला. त्यानं तोंड उघडायच्या आत डेस्मंडनं डावी मूठ वर उचलली. बोटं एकेक करून उघडली, आणि डोळे हेरॉल्डच्या तोंडावर.

"हो दादा," हेरॉल्ड म्हणाला. शब्द त्याच्या तोंडून गेले आणि मग त्याला कळले. "उघडंच ठेवलं होतं. मी ते फोटो काढले ना, त्याच आठवड्यात सगळं काढून टाकलं. खालून वीतभर वर, झरोके उघडे, चेन अर्धी. तू ठेवायचास तसं. तुझी गंमत करत होतो रे मी. गाडी कोरडी ठणठणीत आहे."

डेस्मंडचा हात पांघरुणावर पडला. अख्ख्या हिवाळ्यात तो हात असा शांत पडलेला हेरॉल्डनं पाहिला नव्हता. डेस्मंडनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला आणि त्याचं अर्धं तोंड हसलं. हेरॉल्डचाही जीव भांड्यात पडला. असू दे, त्याला वाटलं. एवढं तरी समाधान त्याला मिळू दे.

मग डेस्मंडनं डोळे उघडले. खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. चांगल्या हातानं पांघरूण बाजूला सारलं, डावा पाय हळूहळू सरकवत पलंगाच्या कडेला आणला आणि खाली सोडला, आणि पलंगाखालच्या बुटांकडे बोट दाखवलं. दारातली नर्स धावत आली. "लुक अ‍ॅट हिम!" ती म्हणाली. "सगळ्या विंटरमध्ये ह्यांनी एकदासुद्धा उठायला बघितलं नाही. कुठं चाललेत?"

"एअरपोर्टला," हेरॉल्ड म्हणाला.

तो खाली गुडघ्यांवर बसला. डेस्मंडच्या सुजलेल्या पायात त्यानं बूट चढवला आणि लेस बांधायला घेतली. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. वरून डेस्मंडचा हात त्याच्या डोक्यावर आला आणि दोनदा हलकेच थोपटून गेला, चल, आटप, म्हणावं तसा. हेरॉल्डनं लेस पुन्हा सोडली. बांधून झाल्यावर भावाला उठवून कुठं न्यायचं, ते त्याला माहीत नव्हतं.