उडद्याची मांडी

द्राक्षबागेत छाटणीनंतर डोळे फुगायला लागले की उडद्या येतो. तांबूस पितळी रंगाचा, पाठीवर काळे ठिपके, तांदळाच्या कणीहून जरासा मोठा. त्यानं कोवळा डोळा कुरतडला की त्या काडीवर घड धरत नाही. सायखेड्याला मामाच्या बागेत सकाळी लवकर आम्ही वेलीखाली छत्री उलटी धरायचो आणि वेल हलवायचो. सगळे टपाटप आत पडायचे, पाय आखडून, मेल्यासारखे. "लय नाटकी हाय हा," असं म्हणत मामा छत्री रॉकेलच्या पाण्यात झटकायचा.

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी हाच किडा घेतला. इंग्रजीत त्याला फ्ली बीटल म्हणतात, म्हणजे पिसवेसारखा उड्या मारणारा भुंगेरा. एवढ्या नावावर आमच्या विभागाच्या नमुन्याच्या किड्यांच्या पेटीत तो वर्षानुवर्षं खऱ्या उड्या मारणाऱ्यांच्या रांगेत टोचलेला होता. मी त्याची मागची मांडी सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. उड्या मारणाऱ्यांची मांडी फुगीर असते आणि आत स्प्रिंगसारखा एक कठीण भाग असतो. याच्या मांडीत तसलं काही नव्हतं. पानखाऊ भुंगेऱ्यांचं कुळ, क्रायसोमेलिडी, दोघांचं एकच; पण हा त्यातल्या युमोल्पिनी उपकुळातला. हे जाणकारांनी कधीच लिहून ठेवलेलं आहे, मी काही मोठा शोध लावला नव्हता.

मार्गदर्शक सरांनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "पेटीतली चिठ्ठी मी लावलेली आहे. प्रकल्पात तेच ठेव. अंतर्गत गुण कोण देतं, माहीत आहे ना?"

माहीत होतं. आमच्या घरात पहिला वर्ग आणणारी मी पहिली असणार होते. अंबडच्या कारखान्यातल्या मित्रांना वडील ते आधीच सांगून बसले होते. तरी माझ्या डोक्यात तिडीक गेली. याच सरांनी पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून "अरे, म्हणजे तू आमच्यातलीच!" म्हणत चहा मागवला होता. मग एकदा बोलता बोलता मी आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहाराचा विषय काढला आणि चहा बंद झाला. आडनाव मात्र तेच होतं.

"सर," मी म्हणाले, "नावावरूनच ठरवायचं तर मी अजूनही तुमच्यातलीच आहे. मांडी बघा."

त्यांनी सूक्ष्मदर्शकाकडे मानसुद्धा वळवली नाही. "जा," एवढंच म्हणाले.

मी एक अक्षर बदललं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मांडी पाहिली, मान डोलावली, पुढचा प्रश्न विचारला. त्यांनी भरभरून गुण दिले, सरांनी जेमतेम पास होण्यापुरते. पहिला वर्ग हुकला. वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत, त्याचं मला आजही वाईट वाटतं. बदललं नाही याचं मुळीच नाही. प्रकल्प ग्रंथालयात बांधून ठेवलेला आहे. पहिल्याच पानावर युमोल्पिनी लिहिलंय, आणि खाली मार्गदर्शक म्हणून सरांना सही करावीच लागली.