करोडगिरीवाल्या काकांची मेणवेल

आमच्या करोडगिरीवाल्या काकांइतका संशयी माणूस जालन्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका भोळाही झाला नाही. जगातल्या प्रत्येक गाठोड्यात काहीतरी दडवलेलं आहे अशी त्यांची पक्की खात्री होती. पण कुणी गाठ सोडून "हे बघा, काही नाही" म्हटलं की ते तितक्याच पक्केपणानं विश्वास ठेवायचे. नात्यानं ते माझे चुलतसासरे. मस्तगड भागात आमच्या दोन खोल्यांना लागून त्यांच्या दोन खोल्या होत्या, मधे एक दार होतं आणि ते दार कधी लागलेलं मी पाहिलं नाही. करोडगिरी म्हणजे निजामी राज्यातलं जकात खातं. त्या खात्याच्या स्टेशनावरच्या नाक्यावर काकांनी उमेदीची सगळी वर्षं उतारूंची बोचकी उचकण्यात घालवली होती. पुढे निजामी गेली, मागाहून नाकाही उठला, काकांना तहसील कचेरीत कारकून करून टाकलं. पण नाका त्यांच्या अंगातून उठला नाही. लग्न होऊन मी त्या घरात आले, तेव्हा उंबऱ्यावरचं माप ओलांडून पाऊल आत पडतंय न पडतंय तोच चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "सूनबाई, ट्रंकेत काय काय हाय?" सगळी वऱ्हाडी मंडळी हसली. मी मात्र घाबरून खरोखरच ट्रंक उघडली. काकांनी वरची दोन लुगडी बोटानं उचलून बघितली, लोणच्याच्या बरणीचा वास घेतला, आणि "बराबर हाय, जाऊ द्या" असं म्हणून मला घरात घेतलं. माझा गृहप्रवेश त्या 'जाऊ द्या'नं झाला असं मी आजही मानते.

या माणसाच्या घरात एक वेल होती. तिला आम्ही मेणवेल म्हणायचो, कारण तिची पानं जाड, गुळगुळीत, मेण चोपडल्यासारखी होती आणि फुलंही मेणाची असतात असं ऐकून होतो. फुलं ऐकूनच होतो, कारण ती कुणी पाहिली नव्हती. नाक्याच्या दिवसांत बंगलोरकडचा एक उतारू ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक फांदी घेऊन उतरला. काकांनी ती अडवली. हा माल कुठल्या सदरात बसतो ते त्यांच्या वहीत कुठंच नव्हतं. लाकूड म्हणावं तर ते हिरवं, भाजी म्हणावी तर ती खात नाहीत. दोन तास खल झाला. शेवटी कंटाळलेल्या उतारूनं खिशातला चाकू काढला, फांदीचे दोन तुकडे केले, एक काकांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "लावून बघा, फुललं की तुमचं तुम्ही ठरवा." काकांनी ती फांदी तुपाच्या रिकाम्या डब्यात लावली आणि बाहेरच्या खोलीच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवली. त्यानंतर सात वर्षं ते फुलाची वाट बघत होते.

वाट बघत होते म्हणजे काय, ते सांगायला हवं. आधी वेल खिडकीच्या गजांवर चढली, मग काकूंच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर गेली, आणि दोरी वेलीची झाली. काकूंनी लुगडी कुठं वाळवायची हा काकूंचा प्रश्न. पुढे ती भिंतीवरच्या तसबिरींमागून फिरून कोनाड्यापर्यंत पोचली, तेव्हा कोनाड्यातला दिवा पलीकडच्या भिंतीला हलला. दर रविवारी काका ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचे आणि ते झाल्यावर स्वतः अंघोळीला जायचे. घरी कोणी आलं की त्याला खिडकीसमोर बसायची मनाई होती. एकदा आमच्या डॉक्टरांना काकूंची नाडी बघता बघता त्यांनी तीनदा सरकवलं, "जरा इकडं व्हा डॉक्टरसाहेब, उजेड अडवून राह्यलात." डॉक्टर सरकत सरकत चुलीपाशी गेले आणि तिथून म्हणाले, "आता नाडी इथंच आणून द्या."

काकांनी सल्ला विचारला नाही असा माणूस गावात उरला नव्हता, पण त्यांचा भरवसा एकाच माणसावर होता. रेल्वेच्या बागेत एक म्हातारे मुसलमान माळी होते. त्यांनी येऊन वेलीकडे बराच वेळ पाहिलं आणि निदान केलं, "मुन्शीजी, ये गुमसुम है. इससे बातां करो." झालं. दुसऱ्या दिवसापासून काका कचेरीला जाण्याआधी खिडकीशी उभे राहून वेलीची विचारपूस करू लागले, आणि तीही उर्दूत. "वेल दक्षिणेकडची, तिला मराठी कळायची न्हाई," असं त्यांचं म्हणणं. दक्षिणेत तरी उर्दू कोणत्या वेलीला कळते, हे विचारायची आमची छाती नव्हती. आतून काकू भाकरी थापता थापता मला म्हणायच्या, "ऐकलंस का गं? पंचवीस वर्षं झाली लग्नाला. 'कैसे हो' म्हणून मला एकदा इचारलं न्हाई. सवत हाय ती माझी, सवत!" काकूंना मूलबाळ नव्हतं. नवरा-बायकोत भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. मीठ, पाणी, रॉकेल आणि पाहुणे, एवढ्या चार विषयांवर त्यांचा संसार चालला होता.

आणि एका वैशाखात वेलीला कळ्या धरल्या. पानांच्या बेचक्यातून दोन देठ निघाले आणि त्यांच्या टोकांना मोहरीएवढे दाणे, छत्रीच्या काड्यांसारखे गोलाकार. काकांनी ते पाहिलं आणि चष्मा न घालताच कचेरीत गेले. माळीबुवांना बोलावणं गेलं. त्यांनी बोट उगारून बजावलं, "कली आई तो डब्बा हिलाना नक्को. हिलाए तो गई." त्याच आठवड्यात काकांच्या बदलीचा हुकूम आला. आष्टीला, सरकारी धान्य गोदामावर. परतूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बैलगाडी.

काकांनी रजेचा अर्ज लिहिला. आयुष्यात त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं, पण 'वेलीला कळ्या आल्या आहेत' असं सरकारी कागदावर लिहायला त्यांचा हात धजेना. म्हणून त्यांनी लिहिलं, "अर्जदाराचे घरी नाजूक अवस्था असून अशा वेळी घर सोडणे योग्य नाही. सात वर्षांनी प्रथमच योग आला आहे." साहेब तरुण आणि सहृदय होते. त्यांनी अर्ज वाचला, बावन्न वर्षांच्या काकांकडे आदरानं पाहिलं, उठून हात हातात घेतला आणि आठ दिवसांची रजा मंजूर केली. संध्याकाळी कचेरीतली मंडळी पेढे मागायला घरी आली तेव्हा उलगडा झाला. काकू आठ दिवस पाण्याला बाहेर पडल्या नाहीत. साहेबांना खरं कळलं तेव्हा ते आधी हसले आणि मग त्यांनी रजा रद्द केली.

खरं तर काकूंनी बरोबर जायचं ठरलं होतं. काकांना साधा चहासुद्धा करता येत नव्हता. पण डबा हलवायचा नव्हता. गाडीची वेळ झाली तरी काका खिडकीशी उभे. काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, "जावा तुम्ही. मी ऱ्हाते हितं. बघते तिच्याकडं."

"तू?" काका म्हणाले.

"मंग कोण? सवतीचं बाळंतपण सवतीनंच करायचं अस्तंय."

काका वळकटी उचलून गेले. लग्नानंतर ती दोघं पहिल्यांदाच एकमेकांपासून लांब राहत होती.

काकूंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळं पत्रांचं काम माझ्याकडे आलं. काकांचं पहिलं पत्र म्हणजे नुसती नियमावली होती. पाणी सकाळी, तेही डब्यातली माती कोरडी लागली तरच. धूर लागू देऊ नये. शेजारणींना हात लावू देऊ नये. काकूंनी उत्तर सांगितलं, "लिही, सगळं बराबर हाय." दुसऱ्या पत्रात नियम सात होते आणि शेवटी, कोपऱ्यात, "इथे भाकरी कच्ची मिळते." काकू म्हणाल्या, "लिही. पीठ कढत पाण्यात मळायला सांगा म्हणावं त्या बाईला." तिसऱ्या पत्रात नियम तीनच उरले, आणि काकूंच्या गुडघ्याला कोणतं तेल चोळायचं हे लिहिलेलं होतं. मी ते वाचलं तेव्हा काकूंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "ह्यांना माझा गुडघा दुखतो हे ठाऊक हाय?"

त्या वैशाखात जालना भट्टीसारखं तापलं होतं. दुपारची झळ लागू नये म्हणून काकू आपलं नेसूचं लुगडं ओलं करून खिडकीला टांगायच्या आणि ते वाळलं की पुन्हा ओलं करायच्या. विहिरीचं पाणी खोल गेलं होतं, तरी करायच्या. वेलीशी त्या बोलूही लागल्या, मराठीत. "एवढी वर्षं हे उर्दू बोलत बसले," त्या मला म्हणाल्या, "तिला कळणार कसं? माझ्यावाणीच गप बसली ती." आणि तरीही एका सकाळी दोनांतला एक घोस गळून खाली पडला होता. काकू ते दाणे हातात घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना मी रडताना पाहिलं ते त्या एकदाच. मी म्हटलं, "काकू, कळवू नका. कोण मोजायला बसलंय?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ते मला सोपवून गेल्ते. लिही. एक गेला. माझ्या हातून गेला. दुसरा हाय अजून."

उत्तर यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत काकू नीट जेवल्या नाहीत. पत्र आलं तेव्हा कार्डावर एवढंच होतं, "गेला तर गेला. तू जेवतेस का?" मी ते त्यांना तीनदा वाचून दाखवलं. नियम एकही नव्हता.

ज्येष्ठात दुसरा घोस फुलला. दिवेलागणीला सगळ्या खोलीत वास भरला, मधासारखा गोड, आणि आम्ही दिवा घेऊन खिडकीशी गेलो. फिकट गुलाबी चांदण्या, मखमलीसारख्या, प्रत्येकीच्या पोटात तांबडी लहानशी दुसरी चांदणी, आणि तिच्या टोकाला मधाचा थेंब. माझ्या यजमानांनी तार केली. काका दुसऱ्या दिवशी आले, परतूरपर्यंत बैलगाडीची धूळ अंगावर घेऊन. सगळं मस्तगड फुलं बघायला लोटलं होतं. बायका वेलीला हळदकुंकू लावत होत्या, साहेबही येऊन गेले आणि येताना पेढे घेऊन आले. काकांनी फुलाकडे पाहिलं. मग खिडकीला टांगलेल्या लुगड्याकडे पाहिलं. उन्हानं त्याचा रंग एका बाजूला पार उडाला होता. ते लुगडं त्यांनी काढलं, घडी केली आणि काकूंना विचारलं, "नेसायला दुसरं हाय का तुला?" एवढंच बोलले. माळीबुवा म्हणाले, "फूल झडे तो भी डंठल काटना नक्को, फिर वहींच आते." आणि काकांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

फुलं पंधरा दिवस टिकली. ती गळाल्यावर काकू आष्टीला गेल्या, डबा मांडीवर घेऊन. वेल तिथं काही फुलली नाही. आम्ही एकदा गेलो तेव्हा नुसतीच पानं होती, आणि तिच्यापाशी दोघं चहा पीत, ज्वारीच्या भावावरून मोठमोठ्यानं वाद घालत बसली होती. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

चार वर्षांनी काकू तापानं गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी काकांनी मला आत बोलावलं आणि एक पुडकं पुढं केलं. मी लिहिलेली काकूंची पत्रं होती, दोऱ्यानं बांधलेली. त्यातलं एक काढून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. 'आपल्यावाचून घर सुने वाटते.'

"सूनबाई," ते म्हणाले, "अक्षर तुझं हाय. भाषा बी तुझी हाय. ती असं बोलणारी न्हाई. खरं सांग, हे तू मनानं घातलंस का?"

मी नव्हतं घातलं. पण काकूंचे शब्द मी लिहिले नव्हते, हेही खरं. तेव्हा मी नवी सून होते. सासऱ्यांना जाणाऱ्या पत्रात ते तसंच्या तसं लिहायची मला लाज वाटली होती आणि मी ते शुद्ध करून टाकलं होतं. लाज वाटली म्हणूनच ते शब्द माझ्या लक्षात राहिले होते.

"मंग काय म्हणाली ती?"

मी सांगितलं. चुलीसमोर बसून, माझ्याकडे न बघता काकू म्हणाल्या होत्या, "लिही. हाताला दोघांच्या भाकरीची सवय हाय. रोज एक उरती. ती मी येलापाशी बसून खाती."

काकांनी चष्मा काढला.

"आणखी एकदा म्हण," ते म्हणाले. "तिच्यासारखं म्हण."

मी म्हटलं.