बिनगाडीच्या रस्त्यावरचं आवतण

लेकीच्या लग्नाला पंधरा दिवस उरले तेव्हा घरातल्यांनी एकमतानं ठरवलं, की मला घराबाहेर काढायचं. मी एका जागी ठरत नव्हतो. मांडववाल्याला दिवसातून चारदा फोन लावायचो. त्यानं उचलणं बंद केलं तेव्हा आचाऱ्याकडं वळलो. द्राक्षाची खरड छाटणी उरकल्यानं बागेत काही काम नव्हतं, तरी जाऊन ठिबकच्या नळ्या चाचपून यायचो. शेवटी बायको म्हणाली, "एवढं पाय शिवशिवत्यात तर मामाला आवतण देऊन या. ते तेवढं राहिलंय."

ते राहिलं होतं, कारण सगळे ते टाळत होते. आणि टाळत होते ते माझ्यामुळं.

बायकोचे वडील लवकर गेले. तिला आणि तिच्या धाकट्या भावाला मामांनी वाढवलं, पाटणच्या वर डोंगरातल्या एका वाडीत. आमच्या लग्नात तिच्यामागं मामाच उभे होते. तीन वर्षांपूर्वी पलूसला आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा मी लय पुढारलो होतो. पत्रिकेचा फोटो काढला, सगळ्यांना मोबाईलवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'वेळेअभावी समक्ष येता आलं नाही, हेच आग्रहाचं आमंत्रण समजावं.' मामांच्या वाडीत देवळामागच्या एका धोंड्यावर उभं राहिलं तरच रेंज येते. तिथं उभं राहून कुणीतरी ते मामांना वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "बरं. मग मीबी मोबाईलवरच जेवतो." त्यानंतर त्यांनी आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही.

आता बायकोचं एकच म्हणणं होतं. "मामा आलं न्हाईत तर मी लेकीच्या हळदीला हात लावायची न्हाई." ती असलं बोलते तेव्हा आवाज चढवत नाही, म्हणून भीती वाटते.

मी म्हणालो, "सायकलीवरून जातो."

"आवतण द्यायचंय का शर्यत लावायचीय?"

"अगं, घाट चढून, घाम गाळून गेलो तर मामांना कळंल की मनापासून आलोय."

हे साफ खोटं होतं. वर्षापूर्वी मी गिअरची सायकल घेतली होती आणि आमच्या भागात ती चालवायला जागा नव्हती. उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ता भरून जातात. दोनदा मी सायकलीसकट चरीत जाऊन बसलो होतो. पाटणच्या वर पठारावर पवनचक्क्यांसाठी केलेला रस्ता आहे, असं मेव्हणा, म्हणजे बायकोचा तोच धाकटा भाऊ, सांगायचा. चक्क्या उभ्या राहिल्या, मोठ्या गाड्या गेल्या, रस्ता तेवढा मागं राहिला. पलीकडं तो जंगलात उतरतो आणि मामांच्या वाडीत संपतो. म्हणजे मामांची समजूत काढायची आणि बिनगाडीच्या रस्त्यावर सायकल मारायची, असे दोन बेत मी एकात बसवले. असे बेत बसवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मेव्हणा नुकताच फौजेतून निवृत्त होऊन आलेला, तोही जोडीला निघाला. त्याच्या सायकलीवर सगळं जागच्या जागी बांधलेलं. माझ्या हँडलला अडकवलेली पिशवी बघून तो थांबला. तीत पत्रिका होती, कुंकू लावलेल्या अक्षतांची पुडी होती आणि वर मामांसाठी तासगावचा अर्धा किलो बेदाणा.

"दाजी, बेदाणा पाठीवरच्या सॅकमधी घाला. वर वानरं लय हायती."

"हाताशी असू दे. चढाला तोंडात टाकायला बरा."

"मामाचा बेदाणा?"

"मूठभर काढल्यानं मामांना काय कळतंय?"

त्यानं आपल्या सायकलीची हवा बघितली. फौजेतली माणसं एकदाच सांगतात.

टेंपोनं आम्हाला सायकलींसकट पठारावर सोडलं तेव्हा जेमतेम उजाडलं होतं. पुढं रस्ता पसरलेला आणि त्यावर कोणी नाही. पंखे सावकाश फिरत होते. मग जंगल सुरू झालं. जांभळी, हिरडा, काठानं करवंदीच्या जाळ्या, दोन्हीकडून फांद्या येऊन रस्त्यावर सावलीचं छप्पर. वर्षभर मी हेच मागत होतो. आणि मिळालं तेव्हा मला चैन पडेना. दर मिनिटाला मागं वळून बघायचो. वळण आलं की घंटी वाजवायचो. एवढी शांतता मला कुणीतरी दबा धरून बसल्यासारखी वाटायला लागली.

"घंटी कुनाला वाजवताय, दाजी?"

"सवय."

"दोन तासात एक म्हस भेटली. तिनंबी वाट दिली न्हाई."

मनात मामांपुढं म्हणायची वाक्यं जुळवत होतो. 'मामा, चूक झाली' म्हणावं, की आधी पाया पडावं, की बेदाणा पुढं करून मग दोन्ही? प्रत्येक वाक्याला एक चिमूट बेदाणा जात होता.

वाडी अडीच-तीन किलोमीटर राहिली असताना मला दुर्बुद्धी सुचली. रिकाम्या रस्त्याचा व्हिडिओ काढून आमच्या सायकलवाल्या ग्रुपवर टाकावा, म्हणजे ट्रॅक्टरमागं धूळ खाणारी मंडळी जळतील. सायकल जांभळीला टेकवली, रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि मोबाईल समोर धरून बोलायला लागलो. "मित्रांनो, बघा, एक वाहन नाही. फक्त मी आणि निसर्ग."

मागून मेव्हण्याचा आवाज आला. "दाजी, निसर्गानं पिशवी नेली."

वळून बघतो तर एक थोराड वानर पिशवी छातीशी धरून जांभळीवर चढत होतं. पट्टा तुटून लोंबत होता. वर आणखी पाच-सहा वाट बघत बसलेली, पंगतीत बसल्यासारखी. मी ओरडलो, टाळ्या वाजवल्या, शेवटी घंटीही वाजवली. मेव्हण्यानं भाकरी दाखवून सौदा करायचा प्रयत्न केला. त्यांनी भाकरीकडं बघितलंसुद्धा नाही. बेदाणा संपला, तशी पुडी फाडली. तांदूळ चघळून बघितले, आवडले नसावेत, थुंकले, उरलेले भिरकावले. पत्रिकेचे तुकडे झाले. एक तुकडा फिरत फिरत माझ्या पायाशी आला. त्यावर एवढंच होतं, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'.

मी तो खिशात घातला. "माघारी जाऊया," मी म्हणालो. "परवा दुसरी पत्रिका घेऊन मोटारीनं येतो."

"आणि ताईला काय सांगनार? इथवर येऊन तोंड न दाखवता गेला म्हनून?"

उरलेला उतार मी दोन्ही ब्रेक दाबून उतरलो. पोचायची घाई नव्हती.

मामा अंगणात खुरप्याला दांडा बसवत होते. सत्तरी कधीच ओलांडलेली, पाठ ताठ. पाया पडलो. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पुढंही केले नाहीत. मला पाणी दिलं, भाच्याला चहा विचारला.

"मामा, लेकीचं लगीन काढलंय. समक्ष आवतण द्यायला आलोय."

"द्या की मग." त्यांनी हात पुढं केला.

मी तो तुकडा हातावर ठेवला. "बाकीची वानरानं नेली, मामा. अक्षतापण."

मामांनी तुकडा उलटून बघितला. "पाव्हणं," ते म्हणाले, "मागल्या टायमाला येळ नव्हता. अवंदा वानर हाय."

"मामा, खरं हाय ते," मेव्हणा म्हणाला. "मी हुतो तितं."

"तू गप रं. तू त्येच्याच ताटातला."

मग माझ्या तोंडून निघालं, "मामा, तुमच्यासाठी बेदाणा आणला होता. निम्मा मीच वाटेत खाल्ला. वानराला निम्माच मिळाला." का सांगितलं माहीत नाही. बहुतेक एक तरी गोष्ट खरी आहे हे त्यांना कळावं म्हणून.

मामांनी खुरपं खाली ठेवलं. कोपऱ्यातली काठी घेतली, टॉवेल खांद्यावर टाकला. "चला. झाड दावा."

चढ सरळ अंगावर येणारा. मामा पुढं, आम्ही मागं. मामा एकदाही थांबले नाहीत. मला मात्र बुटाचे बंद तीनदा बांधावे लागले. मला धाकधूक वेगळीच होती. तास उलटून गेला होता. एखादी गाडी तांदळावरून गेली असली, पाखरांनी टिपले असले, तर मी कायमचा वानरवाला जावई ठरणार होतो.

गाडी गेली नव्हती. त्या रस्त्यावरून सकाळपासून आम्ही दोघं आणि ती म्हैस, एवढीच वाहतूक झाली होती. काळ्या डांबरावर तांबडे तांदूळ जसेच्या तसे पडले होते, सावलीत. कडेला पत्रिकेचे कपटे. पिशवी फांदीला लोंबत होती आणि खालच्या फांदीवर ते थोराड वानर बसून आमच्याकडंच बघत होतं, परत काही आणलंय का म्हणून.

मामांनी वानराकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग काठी बाजूला ठेवून ते रस्त्यात उकिडवे बसले आणि एकेक दाणा वेचायला लागले. उष्टे बाजूला, चांगले टॉवेलच्या टोकात. मीही बसलो. रस्त्याच्या मधोमध आम्ही तिघं बसून तांदूळ वेचत होतो, आणि मी सवयीनं वळून वळून मागं बघत होतो.

"कवाच्यान बघताय माघारी?" मामा म्हणाले. "कोन यायचं न्हाई. निवांत येचा."

मूठभर झाले. मामांनी टॉवेलला गाठ मारली, दोनदा ओढून बघितली.

"भाचीला सांगा, आवतण पोचलं. ह्योच तांदूळ घिऊन मांडवात यीन, पोरीच्या डोक्यावर टाकायला."

मी वाकून पुन्हा त्यांच्या पाया पडलो.

"आनि ह्येंचीबी पंगत धरा," वानराकडं काठी दाखवून ते म्हणाले. "समक्ष आवतण दिलंया तुमी त्यास्नी."

सायकली वाडीतच होत्या. खाली आल्यावर मेव्हण्यानं मला देवळामागच्या त्या धोंड्यावर चढवलं आणि ताईला फोन लावून मोबाईल माझ्या हातात दिला. बायकोनं एकच विचारलं, "काय म्हनालं मामा?" मी सांगायला तोंड उघडलं आणि पाय घसरून धोंड्यावरून खाली आलो. रेंज गेली.

देवळाच्या कडेला उभे राहून मामा हसत होते. पुन्हा धोंड्यावर चढेपर्यंत तिचे सात फोन येऊन गेले होते.