जावा, डंबेल आणि कानबाईचा पाट

दोन डंबेल एकाच वेळी जमिनीवर आदळले आणि जिमचे मालक जिग्नेशभाई ऑफिसातून धावत बाहेर आले. त्यांनी आधी टाइल पाहिली, मग त्या दोघींना. टाइलला तडा गेला होता. दोघी मात्र आरशातून एकमेकींकडे बघत होत्या.

मी गोडादरा भागातल्या एका जिममध्ये लेडीज बॅच घेते. या दोघी सख्ख्या जावा. थोरली सुनंदा घरी बसून साड्यांना चमकीचे स्टोन लावते. धाकटी मनीषा कापड मार्केटमधल्या एका दुकानात कॉम्प्युटरवर बिलं बनवते. फिटनेसशी दोघींचं काही देणंघेणं नव्हतं. दोघींना कानबाई उचलायची होती.

श्रावणात आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई बसते. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला घरातली एक बाई देवीचा सजवलेला पाट डोक्यावर घेऊन वाजतगाजत, नाचत निघते. मोठा मान असतो तो. या घरात तो कायम त्यांच्या सासूबाईंचा, इंदूमावशींचा. यंदा मावशींचे गुडघे बोलायला लागले. “आते मन्हाकडथून व्हत नही,” असं म्हणून, जिच्या अंगात दम असेल ती उचलेल, असं त्यांनी भरल्या घरात जाहीर केलं. म्हातारीने काडी लावली आणि धूर निघाला माझ्या जिममध्ये.

आता वजन कधी वाढवायचं, याचा आमचा नियम साधा आहे. एक हालचाल पूर्ण केली की एक रेप. असे दहा रेप करून थांबलात की एक सेट. शेवटच्या सेटमध्ये ठरल्यापेक्षा दोन रेप जास्त निघाले, तेही पाठ न वाकवता, आणि पुढच्या खेपेलाही तसंच झालं, तर एक पायरी वर जायचं. नाहीतर आहे तिथेच राहायचं. हे मी रोज घसा कोरडा करून सांगते.

या दोघींचा नियम वेगळा होता. जावेने जड उचललं की आपण जड उचलायचं. एक अडीच किलोवरून पाचवर गेली की दुसरीही पाचवर. ओठ दाताखाली, चेहरा टोमॅटो, पण खाली ठेवायला कोणी तयार नाही. साडेसातवर गेल्या तेव्हा टाइल गेली.

मी जिग्नेशभाईंना म्हटलं, यांना आवरायला हवं.

“उचलू द्या ने बेन. कस्टमर खूश तर आपण खूश.”

“आणि मान धरली तर?”

“तर मालिशचं पॅकेज काढू.”

या माणसापुढे बोलणं म्हणजे डोकं फोडून घेणं. मी दोघींच्या वेळाच वेगळ्या केल्या. सुनंदा सकाळी, मनीषा संध्याकाळी. मला वाटलं, सुटले. कसलं काय! मनीषा संध्याकाळी हलक्या वजनावर व्यायाम करायची आणि जाताना दहा किलोची जोडी आपल्या मॅटजवळ ठेवून जायची. सकाळी आलेली सुनंदा ती बघायची आणि तिचं डोकं फिरायचं. एकदा माझी पाठ वळताच तिने ती उचलली आणि मान धरली.

दोन दिवसांनी ती आली ती मान वाकडी करून, जगावर रुसल्यासारखी. बाकावर बसून रडायलाच लागली. “मॅडम, पाट आता तिलाच जाणार. थोरली असून मी मागून आरतीचं ताट घेऊन चालू?” मला वाईट वाटलं आणि तेवढाच रागही आला. इतके दिवस या बायांनी मरमर केली, पण त्या पाटाचं वजन किती, हे कोणी विचारलं होतं का?

मी दोघींना बोलावून पाट आणायला सांगितला. देवीचा साज जिममध्ये येणार नाही, असं मावशींनी ठणकावलं. पण पाट दिला आणि साजाच्या अंदाजाने पिशवीत तांदूळ भरून दिले. आम्ही सगळं काट्यावर ठेवलं. ज्या डंबेलने टाइल फोडली, त्यापेक्षा पाट हलका भरला.

मावशींनी आजवर पाटाला कोणाला हातच लावू दिला नव्हता, मग कळणार कसं! मी त्यांना सांगितलं, कठीण आहे ते हात वर धरून, मान सरळ ठेवून चालणं. त्याची प्रॅक्टिस डोक्यावर हलकी लोखंडी प्लेट धरून करायची. सुनंदाची मान मोकळी झाल्यावर दोघींना पुन्हा एका बॅचमध्ये घेतलं आणि नवा नियम लावला. एकीने चालायचं, दुसरीने बघायचं. बघणारी ‘वाढवा’ म्हणेल तेव्हाच वजन वाढेल.

त्यानंतर जिममध्ये जी शांतता नांदली, काय सांगू! दोघींपैकी कोणीच ‘वाढवा’ म्हणेना. “ताई, कोपर वाकलं.” “मनीषा, पाय फाकवून चालतेस.” “ताई, श्वास कोंडलात.” चूक दाखवायची संधी एकीनेही सोडली नाही, आणि चुका इतक्या बारीक निघायला लागल्या की माझ्यासुद्धा नजरेतून सुटलेल्या असायच्या. शेवटी शोधूनही काही सापडेना, तेव्हा अगदी नाइलाजाने एकीच्या तोंडून ‘वाढवा’ निघायचं. मी नुसती खुर्चीवर बसून पगार घेत होते.

विसर्जनाला मीही गेले. मावशींनी पाट थोरलीच्या डोक्यावर ठेवला. मनीषाचं तोंड एवढंसं झालं, पण ती तिच्या बाजूने चालत राहिली, डोळे सुनंदाच्या हातांवर. बँड जोरात वाजत होता, बायका फुगड्या घालत होत्या. गल्लीच्या वळणावर मनीषा पुढे झाली. “ताई, कोपर वाकलं. द्या इकडे.”

सुनंदाने स्वतःच्या कोपराकडे पाहिलं. वाकलं होतं. तिने मुकाट्याने पाट दिला. पुढच्या चौकात तीच म्हणाली, “मनीषा, मान गेली तुझी. आण इकडे.” तिनेही दिला. असं एकमेकींच्या चुका काढत दोघींनी कानबाईला नदीवर नेणाऱ्या टेम्पोपर्यंत सुखरूप नेलं. मावशी टेम्पोत बसून डोळे पुसत होत्या. माझेही भरून आले, पण बँडवाल्यांसमोर रडायचं नव्हतं.

आता कोणी नवी बाई येऊन विचारते, “मॅडम, वजन कधी वाढवायचं?” मी दहा रेप, दोन रेप, सगळं नीट समजावून सांगते. तरीही तिची नजर जड डंबेलवरच गेली, तर एकच विचारते.

“तुम्हाला जाऊ आहे का? उद्यापासून तिलाही घेऊन या.”