चेरीच्या बिया काढायचं यंत्र

अमेरिकेत एडिसनजवळच्या जुन्या बाजारात एक म्हातारा आपल्या आजोबांनी पेटंट घेतलेलं लोखंडी यंत्र मांडून बसे. चेरीच्या बिया काढायचं. कोणी थांबलं की तो आधी दांडा पुसे, मग बोले.

"पुढच्या रविवारी नाही खपलं, तर भंगारात," तो मला म्हणाला.

दांडा असलेलं काहीही मला सोऱ्याच वाटतं. "यात आमच्या चकल्या होतील!" मी छाती फुगवून म्हणालो.

रविवारी बायकोसह भाजणीचं भिजवलेलं पीठ घेऊन हजर. मी दांडा फिरवला. खाली टपाटप गोळ्या पडल्या.

"चकल्या म्हणे! शेळीच्या लेंड्या आहेत या," बायको म्हणाली.

म्हातारा मात्र एक गोळी तळहातावर फिरवत राहिला. "आजोबांच्या हयातीत यातून काही धड बाहेर आलं नव्हतं," म्हणाला, आणि त्यानं यंत्र उचलून आपल्या गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं.